बेलवरचं लिंबू

धुडकूच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून आईने त्याला जन्मताच उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि यमालाही किळस यावी असं नाव दिलं. यम फसला. बमरोलीची गुजराती सोसायटी फसली नाही.

कापडगिरणीतल्या लूमच्या खडखडाटात कान अर्धे गेल्यावर धुडकू त्या सोसायटीत वॉचमन झाला. गेटजवळच्या खोलीत तो आणि त्याची बायको वत्सला राहत. एकुलता मुलगा सुकदेव तापाने गेलेला. गावीही काही उरलं नव्हतं. ती खोली हेच त्यांचं छप्पर.

चेअरमन भूपेंद्रभाईंनी गेटवर बिनतारी बेल बसवली. बटण खोलीच्या भिंतीवर, घंटी त्यांच्या घरात. दुपारची झोप मोडते म्हणून घंटी त्यांनीच लगेच बंद करून टाकली. वॉचमनला कोण सांगतो? धुडकूने मात्र नव्या वस्तूला नजर लागू नये म्हणून शनिवारी त्या बटणालाच लिंबू-मिरची बांधली, चांगली आवळून. बटण दाबलेलंच राहिलं. घरातली घंटी मुकी, पण बटण हवेत अखंड बिनतारी हाका मारत सुटलं, आणि त्या गोंगाटात पार्किंगमधल्या गाड्यांना आपल्या रिमोटची हाक ऐकू येईना.

मेकॅनिककडे नेली की गाडी रिमोटने उघडे, गेटच्या आत आली की ढिम्म. मग गेटवर कोण बसतं? धुडकू. झालं, त्याचीच नजर बाधते! शिकल्यासवरलेल्यांनी अक्कल गहाण टाकली.

"काका, भींत तरफ मोढुं करो," भूपेंद्रभाई सांगत. धुडकू भिंतीकडे तोंड करून हात जोडून उभा राही. गाडी तरी उघडत नसे. पोरं गॅलरीतून "पनोती!" म्हणून ओरडत आणि त्यांच्या आया हसत. त्या हसण्याचा आजही संताप येतो.

शेवटी खोली रिकामी करायला सांगितली.

"मना काय गुन्हा, साहेब?"

"गुनो नथी, काका. पनोती छे."

जायच्या दिवशी सगळे बघायला जमले. आपण बांधलेलं लिंबू दुसऱ्याच्या माथी सोडून जाऊ नये, म्हणून धुडकूने निघता निघता ते सोडवून घेतलं. भूपेंद्रभाईंनी सहज रिमोट दाबला. गाडीचे दिवे लुकलुकले. मग शेजारच्या गाडीचे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सुकलेलं लिंबू मुठीत धरून धुडकू बघत राहिला.

"खरं शे वं," तो वत्सलाला म्हणाला. "आपला सुकदेवबी मन्हामुळेच गया व्हई."

वत्सलाने गाठोडं डोक्यावर घेतलं. नाही म्हणाली नाही.