चाकं सरळ करून घेतलेला फोटो

रंगनाथ गेल्याची बातमी मला त्याच्या घरून कळली नाही, ती एका कंडक्टरनं दिली. अंबडहून जालन्याला येत होतो. तिकिटाच्या मशीनवरचं बोट तसंच ठेवून तो म्हणाला, "गुर्जी, तुमचे ते फोटूवाले गेले म्हनं आज पहाटं. झोपंतच." गाडीत जागा होती, शेजारच्या बाईनं दोनदा सरकून दिली, तरी मी जालन्यापर्यंत उभाच आलो. झोपेत... चौदा माणसांनी तुडवलेला हा गडी, ज्याचा एक डोळा फुटला, तीन बरगड्या गेल्या, तो शेवटी चादर पांघरून गुपचूप जातो, हे पाच आठवडे झाले तरी माझ्या गळी उतरत नाही.

रंगनाथ मूळचा टेंभुर्णीचा, शेतकऱ्याच्या घरचा. जालन्यात सरकारी कचेरीत कारकून, मस्तगडला दोन खोल्या. एवढं सगळं चारचौघांसारखं, आणि नाद मात्र जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला नसेल असा. तो एसटीचे फोटो काढायचा. रविवारी पहिल्या गाडीनं निघायचं, गाडी बदलत बदलत फिरायचं, शेवटच्या गाडीनं परतायचं. मोटारसायकलवर जाऊन काढलेला फोटो त्याच्या लेखी चोरीचा. त्यात पुन्हा कायदे होते. गाडीची पाटी आणि नंबर स्वच्छ दिसला पाहिजे. फोटोत माणूस नको, एकसुद्धा. आणि पुढची चाकं सरळ पाहिजेत. वाकड्या चाकांची गाडी म्हणजे त्याला तोंड वाकडं केलेली नवरी वाटायची. त्यासाठी तो चक्क ड्रायव्हरच्या पाया पडून स्टेअरिंग सरळ करून घ्यायचा.

मी शाळेत पीटी शिकवायचो. वजन एकशे दहा किलो, आणि आवाज असा, की मस्तगडात शिंकलो तर स्टँडवरची कबुतरं उडायची. रंगनाथनं मला सोबत घेतलं ते याचसाठी. फोटोच्या चौकटीतून माणसं हाकलायचं खातं माझ्याकडं होतं. आम्ही मारही पुष्कळ चुकवला. एकदा जाफराबादच्या वाटेवर एका ड्रायव्हरला आम्ही तपासणी पथकाचे वाटलो. तो चाकाचा पाना घेऊन आमच्या मागं लागला. बैलाच्या मांडीएवढा पाना होता तो. मी आजवर तो प्रसंग सांगताना दोन कोस पळालो असं सांगत आलो. खरं म्हणजे आम्ही गाडीलाच चार फेऱ्या मारल्या, पाचव्या फेरीला ड्रायव्हरला धाप लागली, आणि रंगनाथनं त्याला पाणी देऊन चाकं सरळ करायला लावली.

पण माझं नाव झालं ते अंकुशनगरच्या रस्त्यावरच्या मारामारीमुळं. सात-आठ वर्षं झाली. अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडं जाणारी एक जुनी गाडी होती, जुन्या बांधणीची, खिडक्यांना आडव्या दांड्या असलेली. ती आता भंगारात जाणार, असं रंगनाथला कुणीतरी सांगितलं होतं. त्या गाडीसाठी तो चार वर्षं झुरत होता. त्या रविवारी ती अंबडला सापडली. तिथं फार गर्दी, मंग कारखान्यावर उतरून निवांत काढू, असं ठरवून आम्ही तिच्यातच बसलो.

वाटेत एका फाट्यावर टायर जळत होते. रास्ता रोको कशासाठी होता हे मला आजही माहीत नाही, आणि दगड मारणाऱ्यांतल्या निम्म्यांनाही नसावं. पहिला दगड समोरच्या काचेतून आला. ड्रायव्हरनं गाडी करकचून वळवली आणि उसाच्या कडेला उभी केली. माणसं बायकापोरांसकट खाली उड्या टाकायला लागली. ड्रायव्हरला दोघांनी दार उघडून बखोटीला धरून ओढलं, त्याचं कपाळ पायरीवर आपटलं, आणि टोपीसारखं रक्त पसरलं. काचा फुटत होत्या. एक जण कॅन घेऊन पुढं आला, डिझेलचा वास सुटला. मी रंगनाथचा दंड धरला, म्हटलं चला. तो गाडीच्या पुढच्या चाकांकडं बघत होता.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगतो. जाळायला काढलेल्या गाडीत रंगनाथ चढला. इंजिन चालूच होतं. फुटक्या काचांवर बसून त्यानं दोन्ही हातांनी ते जडशीळ स्टेअरिंग फिरवलं, चाकं सरळ केली, खाली उतरला, दहा पावलं मागं आला आणि कॅनवाल्याला म्हणाला, "दादा, जरा बाजूला व्हा. पाटी झाकून राह्यली तुमच्यानं."

आणि तो झाला बाजूला! हातात डिझेल, तोंडाला रुमाल, आणि लग्नात फोटोग्राफरनं सांगितल्यासारखा गडी दोन पावलं सरकला. रंगनाथनं फोटो काढला. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "ए, शूटिंग करून राह्यलाय. पोलिसाचा माणूस हाय."

मंग सगळे वळले.

यापुढची हकिकत मी सात-आठ वर्षं सांगत आलोय. आधी समोर सात माणसं होती, मग अकरा झाली, गेल्या दिवाळीला चाळीसवर गेली. मी एकाला उचलून दुसऱ्यावर आपटलं, तिसऱ्याची काठी हिसकली, आणि रंगनाथला खांद्यावर टाकून कॅमेऱ्यासकट बाहेर काढलं. सत्कारही झाला माझा, शाल आहे घरी.

झालं ते असं. रंगनाथनं कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "गुर्जी, धरा." मी धरला. बनियनमध्ये घातला आणि उसात शिरलो. तीस पावलांवर पालथा पडलो. उसाच्या पात्यांतून मला सगळं दिसत होतं. ते कॅमेरा मागत होते. "कुठंय? कुणाला दिला?" असं विचारायचे आणि हाणायचे. दांडक्यांनी, उसांनी, लाथांनी. त्याचा चष्मा डोळ्यात फुटला तो आवाज मला ऐकू आला, असं मी म्हणतो. एवढ्या गोंगाटात कसा येईल, पण आला. उठून "हा घ्या" म्हटलं असतं तर मार थांबला असता. त्या फोटोत तर माणूसच नव्हता! त्यांना भिण्यासारखं त्यात काही नव्हतं, एक गाडी होती, सरळ चाकांची. मला हे सगळं तेव्हा कळत होतं. मी उठलो नाही. गाडी पेटली, टायर बंदुकीसारखे फुटले तेव्हा ते पळाले, आणि मंग मी बाहेर आलो. खांद्यावर टाकलं ते खरंय, पण तेव्हा मारायला कुणी उरलं नव्हतं.

दवाखान्यात पहिल्यांदा माणसं भेटायला आली तेव्हा मीच थाप मारली. पट्टीतून एक डोळा माझ्याकडं लावून रंगनाथ ऐकत होता. मी सात म्हणालो. तो हळूच म्हणाला, "चौदा होते, गुर्जी." तेव्हापासून मी ठरवून टाकलं, की मार खाताना त्याला काही दिसलं नसणार. ठरवलं, पण खात्री कधी झाली नाही. त्याच्याकडं कुणीही आलं की तो म्हणायचा, "गुर्जी, सांगा ती अंकुशनगरची," आणि मी सांगताना त्याच्या काचेच्या डोळ्याकडंच बघायचो. चांगल्या डोळ्याकडं बघायची टाप नव्हती.

तेराव्यानंतर मी रंगनाथच्या घरी गेलो. त्याची बायको, मंदावहिनी, एकट्याच होत्या. माझ्यापुढं कपबशी ठेवून त्या बोलल्या, "गुर्जी, तुमचा शर्ट पांढरा होता. ह्यांना दिसत होता उसातून." मी कप उचलला नाही. "मारणाऱ्यांनी इचारलं, कुठं पळाला तुझा जोडीदार? ह्यांनी उलट्या बाजूला बोट केलं, अंबडच्या रस्त्याकडं. कुणाला सांगू नको म्हन्ले. गुर्जींना सांगू दे, त्यांचं बरं चाललंय म्हन्ले..."

तेवढ्यात कचेरीतले दोघं-तिघं भेटायला आले. खोलीत बसले, रंगनाथबद्दल चार शब्द बोलले, आणि त्यांतला एक तरुण कारकून माझ्याकडं वळून म्हणाला, गुर्जी, चाळीस जण होते ना, तुम्ही एकट्यानं वाचवलं म्हणे साहेबांना.

मी म्हणालो, "न्हाई. मी उसात लपलो होतो. कॅमेरा माझ्याजवळ होता, आन् मार त्यानं खाल्ला."

सगळे हसले. दुखवट्याच्या घरात मोकळेपणानं हसले. कारकून मांडीवर थाप मारून म्हणाला, गुर्जी, तुम्ही म्हंजे ना... बिलकुल ऐकणार न्हाई. त्याला वाटलं, ही माझी नवी थाप आहे. वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीलगतची रंगनाथची खुर्ची ओढली, तिच्यावर त्यांनी आजवर कुणाला बसू दिलं नव्हतं, ती माझ्याजवळ आणून ठेवली, आणि स्वतः तिच्यावर बसल्या.

"गुर्जी," त्या म्हणाल्या, "सांगा. पहिल्यापासून."