नखभर वाकडी कॉइल

तांबोळी मॅडम सणसवाडीच्या आमच्या कारखान्यात शिरताना नाकाला ओढणी लावत. व्हार्निशच्या वासामुळे नव्हे, जिन्यातल्या गुटख्याच्या पिचकाऱ्यांमुळे. "व्हार्निश निदान कामाचं तरी हाय," त्या म्हणत. रागावल्या की शिरूरची बोली तोंडात येई. फिजिक्समध्ये डॉक्टरेट केलेली ही बाई तिच्या अब्बांना अर्धांगवायू झाला म्हणून प्रयोगशाळा सोडून घरी आली आणि आमच्याकडं क्वालिटी बघू लागली. मी तिथं ड्राफ्ट्समन होतो, दौंडचा, कारखान्यामागं खोली घेऊन राहणारा.

त्यांना किळस पटकन यायची. फटीत पुट्टी भरून वर रंग मारलेला जॉब दिसला की म्हणत, "मढ्याला पावडर लावलीय," आणि बाजूला सारत. कामगार चिडत, पण त्यांनी पास केलेला माल कधी परत आला नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मॅडमच्याच जुन्या प्रयोगशाळेची ऑर्डर आली. टायरच्या ट्यूबसारखं पोकळ कडं, त्याभोवती आमच्या तांब्याच्या तारेच्या कॉइल, आणि त्यांच्या चुंबकानं आत अधांतरी धरलेला तापलेला वायू, म्हणजे प्लाझ्मा. एका कॉइलचा पाय तिरका वेल्ड झाला. मॅडमनी ती नापास केली. मालक आबासाहेब स्वतः खाली आले.

"मॅडम, नखभर वाकडी हाय. कुणाला दिसतंय?"

"प्लाझ्माला दिसतं. आत चुंबकाच्या रेषांच्या गाठी पडतात, प्लाझ्माबरोबर गरगर फिरतात. फिरतात तोवर आटोक्यात राहतात. एक कॉइल वाकडी असली की ओढ एकीकडं जास्त पडते. गाठ तिथं अडखळते, थांबते, आन् थांबली की फुगते. पापणी लवायच्या आत सगळा प्लाझ्मा भिंतीवर आदळून विझतो."

"म्हंजी आमच्या सोसायटीच्या राजकारणावानीच की!" आबासाहेब हसले. मॅडम हसल्या नाहीत.

त्याच आठवड्यात अब्बा वारले. मॅडम रजेवर असताना मॅनेजरनं सही केली, कॉइलच्या पायाला पुट्टी आणि रंग लागला, आणि ती रवाना झाली. परत आल्यावर रिकामा स्टँड बघून त्यांनी माझ्यासमोरच प्रयोगशाळेतल्या जुन्या साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडचं ऐकलं. रिसीव्हर ठेवून हात ओढणीला पुसला, पुन्हा पुसला.

"म्हणतो, असू दे. पाहुणे यायचेत, मशीन उभं दिसलं पाहिजे. आबासाहेबांना कळत न्हाई, जगताप. ह्याला सगळं कळतं. कळून गिळतोय!"

संध्याकाळी त्यांनी राजीनामा दिला. मला त्या दिवशी डबा जाईना.

काही महिन्यांनी शिरूरला त्यांच्या घरी गेलो, तर त्या बॅग भरत होत्या. प्लाझ्मा दर वेळी अडकून विझत होता. साहेबांनी बोलावलं होतं.

"जाऊ नका," मी म्हणालो. "निस्तरू दे त्यांचं त्यांना."

"घाण त्यांचीच हाय. हात घालायला किळस येतीय, व्हय. पण उलट ओढणारी दुसरी कॉइल बसवली तर गाठ सुटंल. ते मला जमतं. मग घरी बसून काय करू?"

गेल्या, त्या तिकडंच राहिल्या. पुढं पेपरात यंत्राच्या समारंभाचा फोटो आला. साहेब मधोमध, शेजारी हार घातलेले आबासाहेब. मॅडम कुठंच नव्हत्या. पेपर मी बाजूला सारला. फोन करून विचारलं, तुम्ही का नाही त्यात?

"त्यांच्याशी हात मिळवावा लागला असता," त्या म्हणाल्या. मग आवाज एकदम मऊ झाला. "मी आत होते, मशीनपाशी. प्लाझ्मा फिरत होता हो, जगताप. कुठंही न अडकता फिरत होता."