पॅनेल कायम ‘ब’च निवडायचं

“प्रश्न पडद्यावर येतो आणि आम्ही हात लावायच्या आधीच बोर्ड उत्तर देऊन मोकळा! कायम ‘ब’,” दिंडोरीजवळच्या एका शाळेतून पगारे मॅडम फोनवर सांगत होत्या.

“बरोबर असतं?”

“कधीकधी. आमच्या आठवीपेक्षा बरं.”

मी नाशिकच्या एका कंपनीत शाळांसाठी डिजिटल धडे बनवतो. ते मोठ्या टचस्क्रीनवर, म्हणजे पॅनेलवर चालतात. मॅडमनी वर्षभर संस्थेच्या मागे लागून पॅनेल ट्रायलवर मिळवलं होतं. दुसऱ्या दिवशी बारा वाजता संस्थाचालक बघायला येणार होते. चाललं तर राहणार, नाहीतर खोक्यात परत.

“डिस्प्ले ग्लिच आहे, पॅच टाक,” साहेब म्हणाले. मी ऑफिसातूनच सॉफ्टवेअर दोनदा नव्याने टाकलं. फरक शून्य. मग ‘ब’ आणि ‘क’च्या जागांची अदलाबदल केली. पॅनेल ‘क’ निवडू लागलं. म्हणजे दोष धड्यात नव्हता, त्या जागेत होता.

“मॅडम, पॅनेलला काही केलंत का?”

“छे हो! काहीच नाही.”

सकाळी बाइक काढून शाळा गाठली. पॅनेलच्या चौकटीला वर हळदीचं बोट, बाजूला कुंकवाचं. खंडेनवमीला पूजा झाली होती. दोन्ही बोटं घसरून आतल्या कडेपर्यंत गेलेली. त्या कडेत बारीक दिवे असतात. त्यांच्या न दिसणाऱ्या किरणांचं जाळं काचेवर पसरलेलं असतं. आडवा आणि उभा किरण अडला, की पॅनेलला वाटतं तिथे कुणी बोट टेकवलं. इथे हळद आणि कुंकू दिवसभर ‘ब’ दाबून बसले होते.

मी रुमाल काढला. शाळेच्या शिपाई शांतामावशी आडव्या आल्या.

“भाऊ, लक्ष्मी हे ती. तिचं कुंकू पुसायचं नाय.”

“मावशी, नाही पुसलं तर लक्ष्मी परत जाईल!”

“पुसलं तरी जाईल.”

हेडसर खिडकीबाहेर बघू लागले. साडेअकरा झाले होते. माझं डोकं तापलं होतं आणि मॅडम रडायच्या बेतात होत्या. तरी मार्ग त्यांनाच सुचला.

“मावशी, आधी मागच्या बाजूला लावू, मग पुढचं काढू. क्षणभरही ती बिनकुंकवाची राहणार नाही.”

मावशींनी विचार केला. “हळद बी लावा.”

मी इंजिनिअर आहे. मला हे सात जन्मांत सुचलं नसतं.

बारा वाजता संस्थाचालक आले. मॅडमनी विचारल्याशिवाय पॅनेलने एकही उत्तर दिलं नाही. ते शाळेतच राहिलं.

गिऱ्हाईक ‘काहीच केलं नाही’ म्हणतं, तेव्हा ते खोटं बोलत नसतं. पूजेला कुणी ‘काही करणं’ समजत नाही. रिपोर्टात ‘कुंकू’ लिहायला साहेबांना जड गेलं, म्हणून ‘सेन्सरवर बाह्य पदार्थ’ असं लिहिलं. पण हल्ली आमच्या प्रत्येक पॅनेलच्या पाठीवर एक स्टिकर असतो: ‘हळदकुंकू येथे लावावे.’