दहा माणसांचं आमेन

रेऊबेनकाका झिराडकरांना अमेरिकेतल्या पिस्कॅटवेतली निम्मी मराठी मंडळी ब्राह्मण समजत आणि उरलेली सीकेपी. ते ज्यू आहेत हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "कन्व्हर्ट कधी झालात?" काका न चिडता सांगत, "आमचे पूर्वज गलबत फुटून अलिबागेला लागले, त्याला म्हणे दोन हजार वर्षं झाली. तेव्हापासून कोकणात नारळ खवतोय."

सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराला, ते मशीद म्हणत. त्यांच्या लोकांची ती जुनीच सवय. एकदा इंडियन ग्रोसरीत भेंडी निवडताना ते फोनवर मोठ्याने म्हणाले, "मशिदीतून येताना डोशाचं पीठ आणतो," तेव्हा शेजारच्या बाईंनी ट्रॉली अलगद मागे घेतली होती.

त्या मशिदीतले बाकीचे सगळे पोलंड-रशियाकडून आलेल्यांचे वंशज, वयं ऐंशीच्या आसपास. ते त्याच जागेला शूल म्हणत. तिथली व्यवस्था हर्शल नावाचे गृहस्थ बघायचे. पहिल्या भेटीत त्यांनी काकांना विचारलं होतं, "ज्यू असून यिडिश येत नाही?" काका म्हणाले, "तुम्हाला ज्यू असून मराठी येत नाही, मी काही बोललो?" तेव्हापासून दोघांचं जमलं. काका हर्शलकडून 'केनाहोरा' शिकले, म्हणजे आपलं दृष्ट न लागो. हर्शल काकांकडून 'चला' शिकले आणि प्रार्थना संपली की सगळ्यांना चला म्हणू लागले.

मग मागच्या मार्चमध्ये मिल्काकाकू गेल्या. त्यांनी केलेला गव्हाच्या चिकाचा हलवा आमच्या अख्ख्या गल्लीने खाल्लेला. गल्ली आठवडाभर हळहळली आणि कामाला लागली. काका लागले कद्दीशच्या मागे.

कद्दीश म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना. गंमत अशी की तिच्यात मरणाचा एक शब्द नाही, नुसती देवाची स्तुती. अकरा महिने रोज म्हणायची. मुलाने म्हणावी अशी रीत, पण काकांना मुलगा नाही, म्हणून त्यांनीच ती अंगावर घेतली. अट एकच. ती एकट्याने म्हणता येत नाही. दहा ज्यू पुरुष हजर हवेत, त्याला मिन्यान म्हणतात. नऊ असले तर तोंड मिटून घरी जायचं.

काकांची नजर अधू झालेली, ड्रायव्हिंग डॉक्टरांनी बंद केलेलं. तेव्हा शेजारचे चारुदत्त लेले पुढे आले. निवृत्त इंजिनिअर, पुण्याचे. घरच्या सत्यनारायणालाही आरतीपुरतेच येणारे. ते रोज संध्याकाळी काकांना घेऊन जाऊ लागले.

"तुम्ही गाडीत बसा हवं तर," काका म्हणाले.

"गाडीत बसून काय करू? हीटर चालू ठेवला तर बायको पेट्रोल विचारते. मागच्या बाकावर बसतो."

दारातच हर्शलनी विचारलं, हे कोण? काका म्हणाले, "ही इज माय ब्रदर." मराठीत आपण असं म्हणतो आणि पुढे चालू लागतो. हर्शलनी लेल्यांच्या हातात काळी टोपी आणि हिब्रू-इंग्रजी पुस्तक दिलं. लेल्यांनी टोपी घातली आणि पुस्तक सरळ धरलंय ना, ते इंग्रजी बाजूवरून तपासून घेतलं.

महिन्याभरात त्यांना आमेन कुठे म्हणायचं ते पाठ झालं. काका अडखळत "यिथगदल वेयिथकदश" सुरू करायचे आणि मागच्या बाकावरून सगळ्यांत ठणठणीत आमेन यायचं.

ऑक्टोबरात, सुक्कोथचा सण झाल्यावर, त्यांच्यातले दोन म्हातारे थंडीला कंटाळून फ्लोरिडाला गेले. तरी रोज मिन्यान होत राहिलं. काका म्हणायचे, "मिल्काचं नशीब."

आता त्यांच्यात माणसं एक-दोन करून मोजत नाहीत. माणसाला आकडा लावणं अशुभ. त्यासाठी बरोबर दहा शब्दांचं एक वचन आहे. ते मनात म्हणत एकेका माणसावर एकेक शब्द ठेवायचा. वचन पुरं झालं की मिन्यान झालं. हर्शल हे दाराशी उभे राहून ओठातल्या ओठात उरकत, आणि काका पुढच्या बाकावर, दाराकडे पाठ करून बसत.

फेब्रुवारीत बर्फ पडलं, दाराशी थंडीने उभं राहवेना, तेव्हा हर्शल पुढे येऊन उभे राहिले आणि जरा मोठ्याने म्हणू लागले. "होशिया एत अमेखा..." काकांचं लक्ष गेलं. एकेक शब्द एकेका डोक्यावर टेकत गेला आणि शेवटचा, 'हाओलाम', मागच्या बाकावर लेल्यांवर जाऊन थांबला.

"याला धरलंत?" काकांनी विचारलं.

"तुमच्या भावाला? सुक्कोथपासून धरतोय."

काका गप्प बसले असते तर कुणालाच कळलं नसतं. अकरा महिन्यांतले सहा दिवस फक्त उरले होते. काका उभे राहिले आणि म्हणाले, "तो माझा भाऊ नाही. हिंदू आहे. चूक माझी आहे."

हर्शल धपकन बाकावर बसले. तेही त्या वर्षी आपल्या बहिणीसाठी कद्दीश म्हणत होते.

"मग कुठल्या दिवशी खरे दहा होते?" काकांनी विचारलं. कधी कुणाचा मुलगा यायचा, कधी कुणाचा पाहुणा. त्या दिवशी झाले असतील. पण मोजायचंच नाही म्हटल्यावर कोण लक्षात ठेवणार? चार महिन्यांतल्या कुठल्या संध्याकाळी मिल्काकाकूंची प्रार्थना झाली आणि कुठल्या संध्याकाळी नुसती तोंडं हलली, ते सांगायला जगात कुणी नव्हतं.

त्यांच्या धर्मगुरूंनी, रब्बींनी, फोनवर सांगितलं, मनात खोट नव्हती, देव जाणतो. काका म्हणाले, "देवाला ठाऊक असेल हो. मला कुठे आहे?"

उरलेले सहा दिवस ते नदीपलीकडच्या मोठ्या सिनेगॉगमध्ये गेले. लेलेच नेत, पण आत येत नसत. तिथे तीस-चाळीस जण असायचे. आमेन गडगडायचं. काका म्हणून घ्यायचे आणि बाहेर यायचे.

शेवटच्या दिवशी परतताना लेले म्हणाले, "झिराडकर, मी तिथे आत यायलाच नको होतं."

"मी तुम्हाला भाऊ म्हणायला नको होतं."

गल्लीत गाडी वळवताना लेले म्हणाले, "मी आमेन मनापासून म्हणत होतो हो."

"माहीत आहे, चारुभाऊ. त्या सगळ्यांत मिल्काला ओळखणारे तुम्ही एकटेच होतात." काका काचेबाहेर बघत राहिले. "आणि तुमचंच धरत नाहीत."

जुन्या शूलमध्ये काकांना धरून नऊच जण उरलेत. आता काकाही जात नाहीत. मी परवा डबा द्यायला गेलो तेव्हा सूर्य मावळत होता. काका टोपी घालून खुर्चीत बसले होते. मी म्हटलं, "काका, म्हणताय का काही?"

"एकट्याने म्हणत नाहीत," ते म्हणाले, आणि डबा घेऊन आत गेले.