हिवाळ्यातला गहू

परवा फ्रिस्कोच्या इंडियन स्टोअरमध्ये हिरव्या हरभऱ्याचं पाकीट काढायला फ्रीझर उघडला, बोटांना बर्फ लागला, आणि शिकायला आले तेव्हाची स्टेट कॉलेज नावाच्या गावातली डिसेंबरची पहिली सुट्टी आठवली. दोघी रूममेट घरी गेल्या होत्या, कॅम्पसच्या बसेस बंद होत्या, आणि खिडकीबाहेरच्या बर्फावर कुणाचं पाऊलसुद्धा उमटलेलं नव्हतं. हीटर मधूनच खडखडायचा, तेवढाच काय तो आवाज. मी लॅपटॉपवर शेतीचा एक गेम खेळत बसायचे. त्यातलं माझं ते पहिलंच वर्ष. वसंतात कोबी झाला, उन्हाळ्यात टोमॅटो झाले, मग पानगळ लागली तशी मी शहाणपणा करून सगळ्या रानात गहू पेरला. थंडीत गहू येतो हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागतं का? पण गेममधला हिवाळा बर्फ घेऊनच उजाडला आणि उभं पीक वाळून काळं पडलं. सकाळी बाबांचा फोन आला. घरात एकटीच आहे हे सांगवेना, म्हणून त्यांना गव्हाचं रडगाणं ऐकवलं. बाबा चिडलेच. "थंडीत गहू मरतो? काहीतरीच! पाणी कमी पडलं असेल. पाणी दे त्याला." ते पीक पुन्हा उठणार नाही हे मला ठाऊक होतं. तरी फोन ठेवल्यावर मी गेममधली झारी उचलली आणि त्या मेलेल्या गव्हाला ओळीनं पाणी घालत बसले. परवा दुकानात पाकीट हातात धरून उभी राहिले तेव्हा लक्षात आलं, त्या अख्ख्या सुट्टीत मला कुणी काही करायला सांगितलं होतं, ते तेवढंच.