टपावरची खुर्ची

गाडी घ्यायचं ठरलं ते तिच्या आईच्या खुर्चीमुळे.

आई शहराच्या पार दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. गुडघे कामातून गेले होते आणि इमारतीची लिफ्ट मनात येईल तेव्हा चालायची. तरी मुलीकडे येऊन राहा म्हटलं की म्हातारी विषय बदलायची. मग एकदा न्हाणीघरात पाय घसरून तासभर खालीच बसून राहावं लागलं, तेव्हा कुठे ती हो म्हणाली. अट एकच होती. तिची वेताची खुर्ची बरोबर आली पाहिजे. दुसऱ्या कशात बसलं की तिची कंबर धरायची. आणि खुर्ची टेम्पोत घालून पुढे पाठवलेली चालणार नव्हती. "मागाहून येतील म्हटलेल्या वस्तू कधी येत नाहीत बाई," आई म्हणाली. "मी आणि खुर्ची, दोघी एकदमच निघू."

जुनी छोटी गाडी होती तिच्यात खुर्चीच काय, खुर्चीची पाठसुद्धा मावली नसती. नवऱ्याने ते मनावर घेतलं. घरात कुणाला वाटलं नव्हतं इतकं मनावर घेतलं. छोटी गाडी देऊन टाकली आणि पाच जणांची, उंच बांध्याची, राखाडी रंगाची एसयूव्ही दारात आणून उभी केली.

छोटी गाडी तीच चालवायची, हे मात्र त्या सगळ्या धामधुमीत कुणी बोललं नाही. तिनेही बोलून दाखवलं नाही. ती पडद्यांच्या दुकानात मापं घ्यायचं काम करायची. लोकांच्या घरी जायचं, स्टुलावर चढायचं, खिडकीला टेप लावायचा, उतरायचं, पुढच्या खिडकीपाशी पुन्हा चढायचं. खांद्याला कापडाच्या नमुन्यांची बॅग असायची, ती विटांनी भरल्यासारखी लागायची. गिऱ्हाइकं तिला पडदेवाल्या ताई म्हणायची आणि फिका निळा की गडद निळा यावर नवरा-बायकोत जुंपली की ताईंनाच निवाडा करायला लावायची. छोट्या गाडीत निदान दोन घरांच्या मधे पाय पसरून बसता यायचं. आता ती बसने जाऊ लागली. नवी गाडी मी चालवू का, असं तिने एकदा विचारलं होतं. "तुला अंदाज यायचा नाही तिचा," नवरा म्हणाला होता, आणि तिने विषय सोडून दिला होता. भांडायलाही अंगात जोर असावा लागतो, आणि तो तिचा दुसऱ्यांच्या खिडक्यांवरच संपायचा.

पहिल्या रविवारी आईला आणायचं ठरलं होतं. पण सीट कव्हरं नव्हती. आईच्या औषधी तेलाचे डाग मूळ सीटला पडले तर निघायचे नाहीत, असं नवऱ्याचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. कव्हरं झाली, तर पुढच्या रविवारी टपावर कॅरिअर बसवायचा होता, खुर्ची बांधायला. तेही रास्तच. मग आई चढणार कशी, म्हणून दारांखाली पायरी लागली. पायरीला पाय लागून कडेचा रंग उडेल म्हणून दारांच्या कडांना रबर आलं. त्यानंतर कुठली वस्तू कशासाठी आली हे तिने विचारायचं सोडून दिलं. काचांना सावलीच्या जाळ्या, बाजूच्या आरशांवर चिकटवलेले छोटे गोल आरसे, मागे कॅमेरा, पुढे-मागे सेन्सर, चाकांमागे चिखलाचे पडदे. डिकी उघडली की आत बादली, शाम्पू, हवा भरायचा पंप, चार जातींची फडकी आणि गाडी झाकायचं भलंमोठं कापड. माणसाचं सामान ठेवायला जागा उरली नव्हती.

"बाबा, तिला आता कानटोपी तेवढी आणा," तिची मुलगी म्हणायची. कॉलेजात जाणारी होती, तिला सगळ्याची गंमत वाटायची.

दर रविवारी सकाळी नवरा किल्ली घेऊन खाली जायचा आणि गाडीच्या वस्तूंच्या दुकानातून दुपारी परत यायचा. दर रविवारी एक नवं कारण असायचं. चिकटवलेलं सुकायला दिवस लागतो, गाडी हलवायची नाही म्हणालाय दुकानवाला. आणि दर रविवारी संध्याकाळी ती आईला फोन करायची.

आईने पहिल्याच आठवड्यात बॅगा भरून दाराशी ठेवल्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात तिने त्यातून शाल बाहेर काढली, थंडी वाजते म्हणून. मग चहाचं पातेलं काढलं. फोनवर ती हे सगळं सहज सांगायची, तक्रार म्हणून नाही.

शेवटचा घोळ पुढच्या गार्डचा झाला. गाडीच्या तोंडाशी स्टीलचा जाडजूड गार्ड बसवून नवरा घरी आला, आणि त्या दिवसापासून गाडी सुरू केली की ती ओरडायला लागली. टीं, टीं, टीं. समोर काही असो वा नसो. समोर मोकळं आवार असलं तरी पडद्यावर लाल पट्टी पेटायची आणि पुढे काहीतरी आहे, थांबा, असा गाडीचा हेका चालू व्हायचा. अशा आवाजात शहराच्या त्या टोकाला जाऊन यायचं म्हणजे डोकं उठेल, असं म्हणून नवऱ्याने तोही रविवार घालवला.

त्या संध्याकाळी आई फोनवर नेहमीपेक्षा हळू बोलली. "राहू दे गं. जावईबापूंच्या मनात नसेल तर उगीच कशाला. त्यांचं घर आहे."

"तसं काही नाही आई. गाडीचंच काहीतरी चालू आहे."

"गाडीचं किती दिवस चालू असतं? हे बघ, येत्या रविवारी आलात तर आलात. नाहीतर मी बॅगा सोडते. या वयात माणूस दोनदा तयार होत नाही."

फोन ठेवून ती ओट्यापाशी उभी राहिली. आई बोलली ते तिच्या स्वतःच्या मनात कधीचं होतं. नवऱ्याला सासूबाई घरात नको असतील. नको असं तोंडाने म्हणणारा माणूस तो नव्हता. नको असलेली गोष्ट तो कधी नाकारायचा नाही, नुसता तिची तयारी करत बसायचा. असं एकदा डोक्यात आलं आणि मग त्या सीट कव्हरांकडे, त्या जाळ्यांकडे बघितलं तरी तिला राग यायचा. पण तोही थकलेला राग, कुठेतरी टेकायला जागा शोधणारा.

शनिवारी माप घ्यायचं घर दुकानाच्या वाटेवरच होतं. काम उरकल्यावर बॅग सावरत ती गाडीच्या वस्तूंच्या दुकानात शिरली. निदान तो आवाज बंद करून घेतला तर नवऱ्याकडे सांगायला काही उरणार नाही, एवढाच तिचा हिशेब. दुकानाचा मालक तिला ओळखत नव्हता, पण गाडीचं वर्णन केल्याबरोबर त्याने खुर्ची पुढे केली. असं गिऱ्हाईक कोण विसरेल.

गार्डचं कारण त्याने चटकन सांगितलं. सेन्सर बंपरमधे आहेत आणि गार्ड त्यांच्या तोंडासमोर. सेन्सरला वाटतं कुणीतरी आडवं उभं आहे. हे आधीच बोललो होतो, पण साहेबांना गार्डही हवा होता आणि सेन्सरही. गार्ड काढायला अर्धा तास पुरे.

"फक्त गाडी तुम्ही घेऊन या ताई. आमचा माणूस उद्यापासून आठवडाभर नाहीये."

"तुमचा माणूस कशाला लागतो?"

"म्हणजे, तोच येऊन नेतो ना नेहमी. आणि नंतर पोचवतो." मालकाला आपण काही जास्त बोललो असं वाटलं नाही. "साहेब बाजूला बसून येतात. गाडीची फार काळजी हो त्यांना. असं प्रेम बघितलं नाही."

ती खुर्चीत बसूनच राहिली. काउंटरवर काचेच्या पेटीत गोल आरसे मांडून ठेवले होते, बाजूला रबराच्या पट्ट्यांची भेंडोळी, भिंतीवर गार्ड टांगलेले. तिने एकेक वस्तू मनातल्या मनात आपल्या गाडीवर बसवून पाहिली. कॅमेरा, मागे कुणाला धक्का लागू नये म्हणून. सेन्सर त्यासाठीच. आरसे, बाजूने येणारं दिसावं म्हणून. दारांना रबर, घासलंच तर म्हणून. गार्ड, आदळलंच तर म्हणून. सजवायला आणलेली वस्तू यांत एकही नव्हती. आणि तिच्या नवऱ्याचं ऑफिस विम्याचं. मोडक्या गाड्यांचे फोटो बघून भरपाई ठरवायची, हेच त्याचं दिवसभराचं काम, आणि घरी आल्यावर त्यातलं तो एक अक्षर बोलायचा नाही.

संध्याकाळी ती घरी न जाता आधी इमारतीच्या खालच्या पार्किंगमधे गेली. नवरा गाडीचं बॉनेट पुसत होता. एकदा सुती फडक्याने, मग दुसऱ्याने. ती नमुन्यांची बॅग खाली ठेवून गाडीच्या दाराखालच्या पायरीवर बसली. पायरी तिच्या वजनाने जराही वाकली नाही, चांगली बसवली होती.

"उद्या दुकानाचा माणूस नाहीये," ती म्हणाली.

नवऱ्याचा हात थांबला. मग परत फिरायला लागला, पण एकाच जागी.

तो सांगायला लागला तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. गाडी आणली त्या दिवशी ऑफिसच्या तळघरातल्या पार्किंगमधून वर येताना चढावर गाडी थांबली आणि मागे सरकायला लागली. मागे एक बाई होती, चालत येणारी, हातात लहान मूल. लागलं काही नाही. ब्रेक वेळेवर लागला. बाई बाजूला झाली आणि निघूनही गेली, तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पण तेव्हापासून आत बसलं की पाय थरथरतात. "मला ती कुठे संपते तेच कळत नाही," तो म्हणाला. "पुढेही आणि मागेही."

"मग सांगायचं मला."

"सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, माझी गाडी मग विकली कशाला."

ते खरं होतं. तिने नक्की विचारलं असतं, आणि आजही ते ओठांवर आलं होतं. पण आईला त्याचा विरोध नव्हता, एवढंच कळून तिच्या आतलं काहीतरी सैल पडलं होतं, आणि आता ते परत आवळायचं त्राण तिच्यात नव्हतं. तिने किल्लीसाठी हात पुढे केला.

रविवारी सकाळी गाडी तिने काढली. दोनदा मागे-पुढे केलं, आणि गाडीचा आकार तिच्या ध्यानात आला. आयुष्यभर खिडक्यांची रुंदी नजरेने जोखलेल्या बाईला गाडीची रुंदी जोखायला किती वेळ लागणार. नवरा बाजूला बसला होता, दारावरचा दांडा धरून. टीं टीं चालूच होतं. सुरुवातीला दोघंही अवघडले. मग सिग्नलमागून सिग्नल जात राहिले आणि तो आवाज घरातल्या जुन्या पंख्यासारखा झाला, चालू आहे हेही कळेना.

आईच्या दारात बॅगा नव्हत्या. ती गृहीतच धरून बसली होती की कुणी येणार नाही. कपडे कपाटात परत गेले होते, पातेल्यात दूध तापत होतं.  लेकीच्या मागे जावई उभा दिसला तशी तिने पदर सारखा केला. दोघींनी मिळून बॅगा पुन्हा भरल्या. तेवढ्या वेळात तो वेताची खुर्ची डोक्यावर धरून तीन जिने उतरून गेला, लिफ्ट अर्थातच बंद होती.

खाली त्याने डिकीतला सगळा संसार बाहेर काढला आणि बादली, पंप, झाकायचं कापड आईच्या तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांना देऊन टाकलं. परत न्यायला येतो असंही म्हणाला नाही. बॅगा आत गेल्या. खुर्ची टपावर चढवताना तिचा एक पाय रंगावरून करकरत गेला आणि लांबलचक पांढरी रेघ उमटली. नवऱ्याने रेघेकडे पाहिलं, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि दोरी आवळायला घेतली.

सासूबाईंना चढवायचं कामही त्यानेच केलं. मागच्या सीटची पाठ किती कलते, पुढची सीट किती सरकते हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं. पुढच्या सीटच्या पाठीला त्याने एक पट्टा लावून घेतला होता, हाताला बरोबर येईल अशा उंचीवर. ती तो पट्टा आज पहिल्यांदा पाहत होती. म्हातारीने तो धरला, जावयाने वाकून तिचा पाय उचलून पायरीवर ठेवला, आणि कुंथत का होईना, आई आत गेली.

"जावईबापू, मऊ आहे हो," ती सीट चाचपत म्हणाली. मग थोड्या वेळाने, "हे वाजतंय काय मघापासून?"

"पुढे काहीतरी आहे असं वाटतंय तिला."

आईने दोन सीटांच्या मधून मान पुढे काढून रस्ता बघितला. "काही नाहीये," ती म्हणाली, आणि पाठ टेकून डोळे मिटले. वेताच्या खुर्चीशिवाय तिला डुलकी लागत नाही म्हणे. पुढच्या वळणाला ती घोरत होती.

चालवता चालवता तिचे खांदे भरून आले. उद्यापासून आईचा डॉक्टर, मुलीचं आणणं-नेणं, पडद्यांची मापं, सगळं या एका किल्लीला लटकणार आणि किल्ली तिच्या हातात राहणार, हे तिला आताच दिसत होतं. गाडी आली आणि कामाला आणखी एक काम जोडलं गेलं. वर खुर्ची दोरीत जराशी कुरकुरत होती. नवरा खिडकीतून हात बाहेर काढून ती दोरी चाचपून बघत होता.

"थकलीस?" त्याने विचारलं.

"तो गार्ड काढून टाका उद्या."

"दुकानाच्या शेठना फोन करतो. त्यांचा माणूस आला की..."

"माणूस नको. तुम्ही घेऊन जायची." सिग्नल लागला होता. तिने ब्रेक लावला आणि त्याच्याकडे पाहिलं. "मी बसते बाजूला. कुठे संपते ते सांगते."

दिवा हिरवा झाला, मागच्या गाडीने हॉर्न दिला, तेव्हा त्याने वळून मागे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "सकाळी लवकर जाऊ. गर्दी नसते."