हातातून नको

चालताना बायकोच्या छातीत कळ यायची, म्हणून पालघरच्या एका हॉस्पिटलात तिची अँजिओग्राफी ठरली. डॉक्टर वयाने लहान, बोलणं भराभर. असा माणूस काहीतरी झाकतोय असं मला लगेच वाटू लागतं. तारापूरच्या कारखान्यात पाळ्या करताना लागलेली खोड. आधीच्या पाळीवाला "व्हॉल्व्ह बंद केला" म्हणाला, तरी मी जाऊन स्वतः हात लावून बघतो.

तो म्हणाला, "मनगटातून नळी घालू. यांचं वजन जास्त आहे. जांघेतली रक्तवाहिनी चरबीत खोल जाते. ती सापडायला त्रास, नळी काढल्यावर दाबून धरायला त्याहून त्रास. आत रक्त साचलं तर वरून पटकन कळतही नाही. मनगटात ती हाडावरच असते. पट्टा आवळला की काम झालं."

नर्स बांगड्या काढायला आली. भाचीच्या लग्नात भरलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या, दोन्ही हातांत. तेव्हापासून हिचं अंग आणखी सुटलेलं. त्या ना वर सरकत होत्या, ना खाली. साबण लावून पाहिला.

"फोडाव्या लागतील, काका."

"फोड बाय," बायको पडल्या पडल्या म्हणाली. "माहेरी घिवलीला गेले की नव्या भरीन."

मी डॉक्टरला बाहेर गाठलं. "जांघेतूनच करा. हातातून नको."

"का?"

"हातावर शिकाऊ लोक हात साफ करतात म्हणे."

हे मी बोईसरच्या टपरीवर ऐकलेलं. आमचा फिटर म्हणाला होता, "हाथ से तो नया आदमी करता है, भाई." डॉक्टरने सगळं पुन्हा समजावलं. तो जितका समजावत होता, तितका मला संशय येत होता. याला हाताचाच एवढा आग्रह का? शेवटी त्याने हिला विचारलं. ती म्हणाली, "ते म्हणतात तसं करा."

नळी जांघेतून गेली. संध्याकाळी ती म्हणाली, "कंबर लय दुकते." खाट टणक असेल म्हणून मी उशी सरकवली. थोड्या वेळाने तिला दरदरून घाम फुटला, ओठ पांढरे पडले. मांडी रोजच्यासारखीच दिसत होती, जाड. रक्त आत साचत होतं. दोघं जण अंगाचा भार टाकून जांघ दाबत होते, रक्ताची बाटली लावली होती, आणि दाराबाहेर मी काय विचार करत होतो? की यानेच काहीतरी बिघडवलं.

ती वाचली. पुढे बरेच दिवस भिंतीला हात लावून चालायची. घरी जो भेटायला येई, त्याला मी सांगे, डॉक्टरने घोटाळा केला. सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

एका रविवारी मेव्हणा घिवलीहून जेवायला आला. म्हणाला, "दाजी, उद्या चार पोरं घेऊन जातो. त्या डॉक्टरला जरा इचारतोच."

त्याचं विचारणं कसं असतं ते मला माहीत आहे.

"जाऊ नको," मी म्हणालो. "त्याने हातच सांगितला होता. मी नको म्हटलं."

"का पण?"

मी भातावर कालवण ओतत राहिलो. ओट्यापाशी उभी असलेली बायको मागे न वळता म्हणाली, "सांगा की. मला ठावं हाय. पण तुमच्या तोंडून येऊ दे."

मग सांगितलं. डॉक्टरवरचा संशय आला तो नंतर. त्याच्या आधी नर्सच्या तोंडून 'फोडाव्या लागतील' ऐकलं, तेव्हाच हातातून नको असं मनात ठरलं. आमच्यात बाईच्या बांगड्या फोडतात त्या नवरा गेल्यावर. उद्या मला काही झालं तर? कळ तिच्या छातीत होती आणि मी जीव माझा सांभाळत होतो. तसं सरळ म्हणायची लाज वाटली, म्हणून डॉक्टरवर ढकललं.

 मेव्हणा बहिणीला म्हणाला, "तू तरी तवा बोलायचं."

"बोलले होते. फोड म्हटलं होतं," ती म्हणाली. "जेव. उद्या कुटं जायचं नाय."

त्याने आणखी भात मागितला, तो बहिणीकडे. भाताचं पातेलं माझ्याच पुढ्यात होतं.